औटी मॅडमनी चेंबर उघडलं तो दिवस

डॉ. निर्मला औटी यांची आणि माझी पहिली भेट कॉलेजात झाली नाही. ती पुणे-नाशिक रस्त्यावर, कळंबच्या अलीकडे, आमच्या मेंढरांच्या मधोमध झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच बारावी झाले होते आणि धोंडिबामामांबरोबर कळप रस्त्यापलीकडे नेत होते. वडील लवकर गेल्यामुळे मामांनीच मला वाढवलं होतं. तेवढ्यात पुण्याकडून एक टेम्पो आला आणि ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मेंढरं बिथरली आणि रस्त्यावरच गोल फिरू लागली. टेम्पोतून सुती साडीतल्या एक बाई खाली उतरल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, हॉर्न बंद करा आधी. त्यांना घाबरवलंत तर आपण इथंच संध्याकाळपर्यंत."

हॉर्न थांबला. मेंढरं हळूहळू मार्गी लागली. टेम्पोत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक चकचकीत पोलादी पिंप होतं, चहूबाजूंनी नळ्या बाहेर आलेलं. मला राहवेना. विचारलं, "यात काय हाय?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "आणि ते 'काहीच नाही' टिकवायला फार कष्ट पडतात."

मामा हसले. "रिकामं पिंप न्यायला येवढा टेम्पो!"

बाईसुद्धा हसल्या. मग मी काय शिकते ते त्यांनी विचारलं. सायन्स म्हटल्यावर पुढे काय, असं विचारलं. मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "बघू की." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "बघू नका, भाऊ. कॉलेजात प्रवेश सुरू झालेत. मी तिथंच शिकवते. हिला घेऊन या."

मामा मला घेऊन गेले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका होकारातून निघालं, म्हणून मॅडमच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला मी बसले आहे. मॅडमच्या संशोधनावर, अध्यापनावर लिहिणारे माझ्याहून अधिकारी लोक या ग्रंथात आहेत. मला मुख्यतः एका उन्हाळ्याबद्दल सांगायचं आहे.

मॅडम मूळच्या राजुरीच्या, शेतकरी घरातल्या. पुण्यात पीएच.डी. झाली, काही वर्षं परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काढली आणि मग त्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आल्या. पुण्यात जागा मिळत असताना इकडे का, असं त्यांना अनेकांनी विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "तिकडं माझ्यावाचून काही अडलेलं नाही." टेम्पोतलं ते पिंप म्हणजे एका मोठ्या प्रयोगशाळेने वापरातून काढलेलं निर्वात चेंबर होतं. अर्ज-विनंत्या करून मॅडमनी ते मिळवलं होतं. त्याभोवती त्यांनी वर्षानुवर्षं एकेक भाग जोडत यंत्रणा उभी केली. चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी तांब्याची तार त्यांनी आणि वर्कशॉपमधल्या मंडळींनी हाताने गुंडाळली. पुण्यात एम.एस्सी. करून मी त्यांच्याकडे संशोधनासाठी परत आले तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि यंत्रणा कामाला लागण्याच्या बेतात होती.

त्यांचं काम काय, हे इथे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढे जे घडलं त्यातलं मोल कळणार नाही. पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे तर साधारणपणे त्यावर क्ष-किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन मारतात. पण त्या माऱ्यानेच आतून असंख्य मंद इलेक्ट्रॉन उसळतात, आणि पृष्ठभागावरून आलेले नेमके कोणते ते त्या गर्दीत ओळखू येत नाहीत. मॅडम त्याऐवजी पॉझिट्रॉन वापरत. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण उलट भाराचा कण. किरणोत्सारी सोडियममधून तो मिळतो. टंगस्टनच्या जाळीतून नेऊन त्याचा वेग काढून घ्यायचा आणि त्याला हलकेच नमुन्यावर सोडायचं. तो सगळ्यात वरच्या थरात अडकतो, तिथल्या अणूच्या आतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठतो आणि दोघंही नाहीसे होतात. आतली जागा रिकामी पडते, ती भरायला बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन आत येतो, आणि त्यातून सुटलेली ऊर्जा घेऊन आणखी एखादा इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. तो वरच्या थरातूनच आला हे नक्की, कारण पॉझिट्रॉन त्याखाली गेलेलाच नसतो.

धातूंवर हे काम परदेशात झालं होतं. मॅडमना ते ऑक्साइडवर करायचं होतं. ऑक्साइडमध्ये धातूच्या अणूतली रिकामी जागा शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉनही भरू शकतो. मग एका पॉझिट्रॉनमागे एकच इलेक्ट्रॉन बाहेर येतो की जास्त, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तोच माझ्या प्रबंधाचा विषय झाला. आमचा नमुना टायटॅनियमच्या ऑक्साइडचा होता. त्याचा पृष्ठभाग निर्वातातच तापवून, खरवडून, पुन्हा तापवून स्वच्छ करायला आठवडेच्या आठवडे लागत. हवेचा एक श्वास लागला की त्यावर बाष्पाचा थर बसतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पॉझिट्रॉन इतके थोडे, की मोजणीही आठवडेच्या आठवडे चाले. त्यात भारनियमनाचे दिवस. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून पंपाकडे बघत असू.

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच सगळं जुळून आलं होतं. पृष्ठभाग स्वच्छ होता, निर्वात टिकला होता, आणि पडद्यावरच्या आलेखात मंद इलेक्ट्रॉनांचा उंचवटा दिवसागणिक वर येत होता. तो आमच्या अपेक्षेपेक्षा मोठा होता. मॅडम सकाळी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी पडद्याकडे जात. परदेशातला एक गटही याच प्रश्नावर काम करतोय हे आम्हाला माहीत होतं.

आणि त्याच वेळी धोंडिबामामांची मेंढरं मेली.

मामांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, तेव्हा महाळुंगे पडवळच्या बाजूला एका रानात बसला होता. आदल्या दिवशी कळप आमच्या कॉलेजामागच्या माळावर चरून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेंढरं एकामागून एक तडफडून पडली. पोट फुगलेलं, तोंडाला फेस. निम्म्याहून अधिक कळप गेला. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि बातमीच्या मागोमाग कारणही पोचलं. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर किरणोत्साराचं ते तीन पाकळ्यांचं पिवळं चिन्ह नियमाप्रमाणे लावलेलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. प्रयोगशाळेमागे चरलेली मेंढरं मेली, आता आणखी काय शोधायचं?

मेंढरं मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या गेटवर माणसं जमली. सुट्टीचे दिवस असल्यामुळे कॉलेजात आम्ही मोजकेच होतो. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मीही मागोमाग गेले. प्राचार्य घाबरलेले होते. "मॅडम, तुम्ही पुढं येऊ नका. पोलिसांना कळवलंय. तुमचं ते परवान्याचं सर्टिफिकेट द्या, मी दाखवतो आणि सांगतो की सगळं सुरक्षित आहे."

मॅडम म्हणाल्या, "सर, सर्टिफिकेट गेल्या वर्षीचं आहे. मेंढरं काल मेलीत."

"म्हणजे? तुम्हाला शंका आहे?"

"मला वाटत नाही की आपल्यामुळे झालंय. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? मी तपासलेलं नाही."

असं म्हणून त्या प्रयोगशाळेत आल्या, किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र उचललं आणि सरळ गेटकडे चालू लागल्या. गर्दीत पहिल्या रांगेत मामा उभे होते. डोळे लाल, फेटा सुटलेला. त्यांच्यामागे आमच्या भावकीतली माणसं, आणि त्यांच्यामागे गावातली बरीच. काहींच्या हातात काठ्या होत्या.

मामांनी मॅडमकडे पाहिलंच नाही. त्यांनी मला विचारलं, "मंगल, तू कुठल्या बाजूला हायस?"

मॅडम पुढे झाल्या. "भाऊ, तिला बाजू विचारू नका. ती तुमचीच आहे. काय विचारायचं ते मला विचारा."

"मग सांगा," मागून कोणीतरी ओरडलं. "तुमच्या त्या अणूनं मेंढरं मेली का न्हाई?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

हे उत्तर कोणालाच अपेक्षित नव्हतं. गेटच्या आत उभ्या असलेल्या प्राचार्यांनी तर डोळे मिटून घेतले.

"मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "हे मोजायचं यंत्र आहे. किरण आले की वाजतं." आणि त्यांनी बटण दाबलं.

यंत्र लगेच वाजलं. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक, टक. गर्दी एकदम मागे सरली. "वाजतंय! वाजतंय!" एक म्हातारी बाई नातवाला उचलून पळत सुटली. कोणीतरी गेटवर काठी मारली. "टीव्हीवर दाखवत्यात ते रेडिएशन ह्येच!" मला वाटलं, आता संपलं.

मॅडमनी आवाज चढवला नाही. "एवढं ते सगळीकडे वाजतं. मातीतून, दगडातून थोडे किरण कायमच येत असतात. इथं जास्त वाजतंय का, ते बघायचं आहे."

"मशीन तुमचं," कोणीतरी म्हणालं. "आमी कसं मानायचं?"

"मानू नका." मॅडमनी यंत्र बंद केलं आणि मामांपुढे धरलं. "भाऊ, हे तुम्ही धरा. तुम्हाला वाटेल तिथं न्या. तुमच्या मेंढरांपाशी न्या, गावातल्या देवळापाशी न्या, नदीवर न्या. मी हातही लावणार नाही. फक्त बरोबर येते."

मामांनी ते घेतलं. एका जीपमधून मामा, मॅडम, मी आणि गावातली दोन माणसं निघालो. आम्ही आधी मेलेल्या मेंढरांपाशी गेलो. आदल्या दिवसापर्यंत मी ज्यांना नावाने ओळखत होते ती जनावरं उन्हात फुगून पडली होती, आणि मामा त्यांच्या अंगावरून ते यंत्र फिरवत होते. टक. टक, टक. गेटवर वाजत होतं तेवढंच. मग देवळापुढच्या ओट्यावर. मग एका घराच्या अंगणात. मग कॉलेजमागच्या माळावर आणि प्रयोगशाळेच्या सांडपाण्याच्या नळीखाली. सगळीकडे तसंच, संथ आणि बेभरवशाचं.

परत आल्यावर बरोबरच्या दोघांपैकी एकजण म्हणाला, "बाहेर काय न्हाई म्हणा. आन आत?"

प्रश्न रास्त होता. चेंबरमध्ये सोडियमचा स्रोत एका अतिशय पातळ धातूच्या पापुद्र्याखाली बंद होता. पापुद्रा जाड ठेवला तर पॉझिट्रॉन बाहेरच येत नाहीत. तो फाटला असेल तर तो दिसेल चेंबर उघडल्यावरच. आणि चेंबर उघडायचं म्हणजे आत हवा सोडायची.

प्राचार्य मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "आता बास झालं. बाहेर काही सापडलं नाही ना? मग 'गळती नाही' असं सांगून टाका आणि मोकळ्या व्हा."

"सर, 'बाहेर काही सापडलं नाही' एवढंच मला सांगता येईल. 'गळती नाही' असं सांगायचं तर उघडावं लागेल."

मग त्या माझ्याकडे वळल्या. आम्ही दोघीच खोलीत होतो. पडद्यावर तो उंचवटा तसाच होता. पंपाचा एकसारखा आवाज येत होता.

"मंगल, हे काम जितकं माझं, तितकंच तुझं आहे," त्या म्हणाल्या. "उघडलं की गेलं. तिकडच्या गटाचं आपल्याआधी छापून येईल, तुझा प्रबंध लांबेल. तू नको म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही. दुसरा काही मार्ग शोधू."

खरं सांगायचं तर मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला होता. मामांचा, गावाचा, मॅडमचासुद्धा. इतकी वर्षं मेंढरांमागून वर्गात आणि वर्गातून या खोलीत पोचायला लागली होती, आणि आता हे. खिडकीतून बाहेर पाहिलं. मामा गेटच्या भिंतीला टेकून खाली बसले होते. गुडघ्यांवर हात, मान खाली. सगळी गर्दी त्यांच्यासाठी जमली होती, पण त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं.

मी पंप बंद केला आणि आत वायू सोडणारा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने उघडला. आत जाणाऱ्या वायूचा सूं आवाज आला. दाबाचा काटा सरकला. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून त्या कामाला लागल्या.

मामांना आणि त्या दोघांना दाराच्या काचेतून बघायला बोलावलं होतं. मॅडमनी शिशाच्या विटांची भिंत रचली, लांब चिमट्याने स्रोताचा डबा बाहेर घेतला, भिंगातून पापुद्रा तपासला. मग ओलसर गाळणकागदाने डब्याची बाहेरची बाजू पुसली आणि तो कागद मोजणीयंत्रापुढे ठेवला. कागदावर काही आलं असेल तर आकडे भराभर चढणार होते. आधी नुसत्या कोऱ्या कागदाची मोजणी झाली, मग या कागदाची. दोन्ही सारख्याच झाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला, पण मॅडम म्हणाल्या, "दुसरा कागद दे." चेंबरची आतली भिंत पुसली. मग तिसरा, पंपाच्या तोंडाशी. बाहेर माणसं ताटकळली होती, प्राचार्य दारापर्यंत येऊन परत जात होते, आणि मॅडम प्रत्येक कागद पुरता वेळ मोजत होत्या. एकही घाईने उचलला नाही.

शेवटचा कागद झाल्यावर त्या बाहेर आल्या आणि गेटवर जाऊन म्हणाल्या, "आता सांगते. आमच्याकडून गळती झालेली नाही. मेंढरं कशाने मेली ते मला अजून माहीत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी नमुने पुण्याला पाठवलेत. उत्तर येईपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप राहील, आणि किल्ली प्राचार्यांकडे असेल."

लोक पांगले, पण विश्वास ठेवून पांगले असं म्हणता येणार नाही. ते दिवस फार वाईट गेले. मॅडमच्या घरचा दूधवाला यायचा बंद झाला. बाजारात एक भाजीवाली त्यांच्या हातची पिशवी घेईना, म्हणाली, "बाई, लांबूनच बोला." मॅडम लांबूनच बोलल्या, भाजी न घेता परत आल्या, आणि मला म्हणाल्या, "तिच्या घरात लहान मूल आहे गं. ती दुसरं काय करणार?" माझ्याशी मामा बोलत नव्हते. मामी फक्त भाकरी देत.

अहवाल आला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला फोन मॅडमना केला. मेंढरांच्या पोटात युरिया सापडला होता, तोही भरपूर. कोणी टोमॅटोच्या प्लॉटला ठिबकमधून सोडायला युरिया कालवून ठेवला असेल, ते पाणी जनावरं प्यायली असतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो नोटीस बोर्डचा. आजच्या आज लावू, सगळ्या गावाला कळू दे. मॅडम म्हणाल्या, "नाही. आधी मामांकडे जाऊ. त्यांना हे बोर्डावरून कळता कामा नये."

दुपारच्या उन्हात आम्ही वाड्यावर गेलो. उरलेली मेंढरं बाभळीच्या सावलीत दाटीने बसली होती. मामींनी घोंगडी टाकली. मॅडम बसल्या, पाणी प्यायल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मामा ऐकत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"सिमेटाचा हौद व्हता," ते म्हणाले. "माळावरनं येताना. लई ऊन व्हतं. मेंढरं वढ घेत व्हती पान्याकडं. म्या म्हनलं, पिऊ द्यात. म्हंजी मीच पाजलं की वो, बाई."

मामी तोंडाला पदर लावून उठून गेल्या. मी मामांना कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, युरिया पाण्यात विरघळला की पाणी पाण्यासारखंच दिसतं. मला दिसलं नसतं. माझ्या घरच्या गाईला मीही तेच पाणी पाजलं असतं."

"तुमी गेटावर म्हनला असता, तुमीच बघा मेंढरांना काय घातलं ते," मामा म्हणाले. "आमी तुमच्यावर काठ्या घेऊन आलतो."

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि आता माहीत झालंय, तरी ते तुमच्या-माझ्यात आहे."

नोटीस बोर्डवर त्यांनी एवढंच लावू दिलं, की मेंढरांचा मृत्यू खताच्या पाण्यामुळे झाला आणि प्रयोगशाळेचा त्याच्याशी संबंध नाही. हौद कोणाचा, पाणी कोणी पाजलं, यातलं अवाक्षर नाही. मामांनीच पुढे आपण होऊन सगळ्यांना सांगितलं, आणि आज हे लिहायला परवानगीही त्यांनीच दिली. पुढचे काही आठवडे मॅडम आपल्या स्कूटीवरून कळंबपासून महाळुंग्यापर्यंत एकेका प्लॉटवर जाऊन शेतकऱ्यांना हौद आणि पिंपं झाकून ठेवायला सांगत होत्या. काहींनी ऐकलं. काहींनी, प्रकरण दाबायला बाई फिरतायत, असंही म्हटलं. मॅडमनी त्यावर कधी उत्तर दिलं नाही. दूधवाला मात्र परत यायला लागला.

आमचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. चेंबर तापवायचं, निर्वात करायचं, पृष्ठभाग स्वच्छ करायचा. पृष्ठभाग काही केल्या साफ होईना. एकदा भारनियमनात जनरेटरने दगा दिला आणि पुन्हा आठवडे गेले. या काळात परदेशातल्या त्या गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ऑक्साइडच्या पृष्ठभागावरून एका पॉझिट्रॉनमागे अपेक्षेहून जास्त मंद इलेक्ट्रॉन बाहेर येतात, हे त्यांनी आमच्याआधी सांगितलं. मी तो निबंध हातात घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग खिडकीपाशी गेल्या. वळल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "चांगलं काम आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी नमुना कसा स्वच्छ केला ते बघ. आपल्याला तिथंच अडचण आहे."

मॅडमना वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. इतक्या वर्षांच्या कामावर पहिलं नाव त्यांचं असायला हवं होतं आणि ते आलं नाही. पण त्या उन्हाळ्याचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर किंवा कोणासमोर तक्रारीच्या सुरात कधीही केला नाही. वर्षभराने आमची मोजणी पूर्ण झाली. उंचवटा पुन्हा तिथेच वर आला, तेवढाच. माझी मौखिक परीक्षा झाली तेव्हा बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, पहिली मोजणी अर्धवट का सोडली? मी सांगायला लागले, तर मॅडम मध्येच म्हणाल्या, "स्रोत तपासायची गरज होती." एवढंच.

त्यांच्या माणुसकीच्या इतर गोष्टी सांगायच्या तर जागा पुरणार नाही. वाडा लांब गेला की मी त्यांच्या घरी राहत असे. त्यांच्या आई मला ताटावर बसवताना 'आमची तिसरी लेक' म्हणत. परीक्षेच्या दिवसांत मला ताप आला, तेव्हा मॅडमनी माझ्यासाठी केलेली पेज मिठाशिवाय होती, आणि ती तशीच संपवायला लावली. राग त्यांनाही येतो. मापन न करता कोणी "साधारण एवढं असेल" म्हटलं, तर त्यांचा चष्मा टेबलावर आपटतो आणि खोलीत शांतता पसरते. मी स्वतः आता विद्यार्थ्यांना शिकवते, आणि एखादी मुलगी न बघता उत्तर देते तेव्हा माझाही हात चष्म्याकडे जातो.

हा लेख लिहिते आहे हे मी गेल्या आठवड्यात मामांना सांगितलं. आता ते फारसे हिंडत नाहीत, कळप मुलं सांभाळतात. त्यांनी विचारलं, "बाईंस्नी किती झाली?"

"साठ."

"साठच?" मामा म्हणाले. "मग लई हाय अजून. आमच्यात साठीला मानूस उन्हात घोंगडं टाकून बसाया लागतंय. बाईंस्नी म्हनावं, तुमी बसू नका."

आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांच्या, आमच्या घरांच्या आणि आमच्या वाड्यांच्या वतीने मी मामांचंच मागणं मॅडमपुढे ठेवते. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. डोळे असेच चांगले राहोत, गुडघे दुखू नयेत, रोज पहाटे राजुरीच्या रानातून त्यांचा फेरफटका होवो. आणि मॅडम, तुम्ही बसू नका.